दहा जणींचं ताक

गुलबानोच्या वाटेला जायचं नाही, हे सोलापूरच्या भवानी पेठेत दूधवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. वकिलाला जरा उशिरा कळलं. त्यानं तिच्याकडून पँट कंबरेत ढिली करून घेतली आणि जाता जाता बोलला, "फॉल-पिकोवाल्या बाईला पँटीतलं काय कळणार म्हणा!" गुलबानोनं हसून पँट घडी घालून दिली. पुढं वकीलसाहेब कुणाच्या तरी लग्नात घाम पुसायला रुमाल काढायला गेले, तर खिसा बंद. दुसरा बंद. मागचेही बंद. चारही खिसे दुहेरी टिपेनं आतून शिवलेले. अक्षता पडेपर्यंत माणूस बाहीनं तोंड पुसत उभा होता.

तर अशी ही गुलबानो. वय अठ्ठेचाळीस, एक शिलाई मशीन, बोळाकडं उघडणारी एक खिडकी, आणि त्या खिडकीतून तिला दिसत नाही असं काही नाही.

ऋतुराज सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सर पुण्याचे.

सरांचा क्लास पेठेतच, एका कापडदुकानाच्या वर. 'खणखणीत इंग्लिश क्लासेस.' वय असेल एकोणतीस, दाढी कोरलेली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि मोबाईल कायम स्टँडवर लावलेला. भिंतीवर लाल रंगात दोन नियम लिहिलेले होते. एक : 'मे आय' म्हटल्याशिवाय काही मिळणार नाही. दोन : प्रश्न विचारला की उत्तर, उत्तर दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. संडास खाली, जिन्याच्या पायथ्याशी. त्याची चावी सरांच्या टेबलामागं खिळ्याला. चावीला विटेएवढा लाकडी ठोकळा बांधलेला, त्यावरही 'मे आय?' रंगवलेलं. चावी हवी तर इंग्रजीत मागायची, पूर्ण वाक्यात.

दुपारच्या बॅचला अकरा बायका होत्या. अकराही जणी एकाच बचत गटाच्या, गटाची अध्यक्ष रेश्मा धरून. त्याचं कारण असं, की गटाला दिल्लीच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला होता. दोघींनी जायचं होतं. एक निंगव्वा, कारण जी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी विकायची ती तिच्या हातची. दुसरी गुलबानो, कारण तिकडं कुणी भाव पाडायला लागलं तर भांडायला माणूस पाहिजे. बाकीच्या नऊ जणी म्हणाल्या, तुमी शिकताय तर आमी काय घोडं मारलंय? आमी बी येतो.

निंगव्वा अक्कलकोटकडची. पन्नाशी ओलांडलेली, हात पाट्यासारखे रुंद, बोलणं जेवढ्यास तेवढं. मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीत संपायचं. पण अभ्यासाला पक्की. कोपऱ्यावरच्या टपरीत भाकरी थापता थापता पुटपुटायची, "वुड यू लाइक टू टेस्ट? शॅल आय प्याक इट?" गिऱ्हाईक म्हणायचं, "काय म्हणताय अक्का?" तर ही म्हणायची, "तुला न्हाई रे, दिल्लीला म्हनतेय."

तिला साखरेचा त्रास होता. एकदा लागली की थांबता यायचं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. निंगव्वा हात वर करून उभी राहिली.

"सर, आय मे गो?"

"नो," सर म्हणाले. "मावशी, प्रश्न आहे ना? प्रश्नात 'मे' पुढं येतो. परत."

"सर, आय गो मे?"

बॅच हसली. सरांनी हळूच मोबाईलचा स्टँड तिच्याकडं वळवला.

"परत. विचार करा. घाई नाही."

"सर, घाई हाय वो."

"इंग्लिश!"

सात वेळा. दर वेळी निंगव्वाच्या तोंडून काहीतरी निराळंच बाहेर यायचं, आणि सर खिळ्यावरचा ठोकळा बोटानं डोलवत म्हणायचे, "नो. परत." पहिल्या दोन वेळा गुलबानोही हसली. हे तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही, पण रात्रंदिवस तेच तिला टोचत राहिलं. तिसऱ्यांदा तिनं निंगव्वाचे पाय पाहिले, एकमेकांवर आवळलेले, आणि तिचं हसू जागच्या जागी मेलं.

आठव्यांदा वाक्य बरोबर आलं. "मे आय गो टू बाथरूम?"

"व्हेरी गुड! आता त्याला 'प्लीज' लावा."

निंगव्वानं प्लीज लावलं नाही. तिनं ठोकळा हिसकावला आणि जिना उतरायला लागली. गुलबानो मागोमाग धावली. खालच्या तीन पायऱ्या राहिल्या होत्या. तिथंच निंगव्वा भिंतीला धरून थांबली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

वरून कुणीतरी उतरत होतं. गुलबानोनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली, टोपण उघडलं आणि धाडकन पायऱ्यांवर ओतली, निंगव्वाच्या लुगड्यावरही ओतली. आणि बोळात ऐकू जाईल असं ओरडली, "या अल्ला! फुटकी बाटली! अक्काचं समदं लुगडं भिजवलं की वो मी!"

निंगव्वानं डोळे उघडून तिच्याकडं एकदा पाहिलं. त्याच्यावर दोघी परत कधी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी सरांनी व्हिडिओ टाकला. निंगव्वाच्या सातही 'मे' एकापुढं एक जोडलेल्या, आणि प्रत्येक 'मे'च्या मागं शेळीचं ओरडणं. चार दिवसांत दोन लाख लोकांनी बघितला. पाचव्या दिवशी टपरीसमोर गाड्या थांबवून पोरं शेळीसारखी ओरडायला लागली. निंगव्वाचं नेहमीचं गिऱ्हाईकही, चांगली पोराबाळांची माणसं, भाकरी घेताना ओठ दाबून हसायची. सहाव्या दिवशी टपरीला कुलूप. सातव्या दिवशी तिनं रेश्माला निरोप धाडला : दिल्लीच्या यादीतून माझं नाव काढ.

रेश्मा धावत खिडकीशी आली. "गुलबानोभाभी, काय करायचं? सोमवारी संध्याकाळी यादी पाठवायची हाय. अक्का दार उगडंना. म्हनती, हितं शेळी केली, तितं दिल्लीत काय करतील."

"नाव खोडलंस?"

"अजून न्हाई."

"मग सोमवारपत्तुर हात लावू नको."

आधी गुलबानो सरळ मार्गानं गेली. हे मुद्दाम सांगायला पाहिजे, कारण नंतर लोक म्हणाले की बाईनं एकदा नीट विचारून तरी बघायचं. तिनं विचारलं. क्लासात एकटी गेली आणि म्हणाली, "सर, निंगव्वाचा तेवढा व्हिडिओ काढून टाका की. बाईनं घर सोडलं न्हाई दोन दिस."

सर मोबाईलमधून मान वर न करता हसले. "अहो आंटी, फेमस झाल्या त्या! लोक पैसे देऊन होतात. आणि हे काय, मराठीत? क्वेश्चन फॉर्म कुठंय?"

गुलबानोनं तेही ऐकून घेतलं. मनात शब्दांची जुळणी केली. "विल यू रिमूव्ह द व्हिडिओ, सर?"

"वा! परफेक्ट! 'विल' पुढं, वाक्य पूर्ण, 'सर' पण लावलंत." सरांनी टाळी वाजवली. "अँड द आन्सर इज नो. असं आहे आंटी, प्रश्न बरोबर आला म्हणून उत्तर मनासारखं येतंच असं नाही. दॅट इज लाइफ."

गुलबानोही हसली. वकिलाला पँट देताना हसली होती तशीच.

"थँक्यू सर," ती म्हणाली. "लई शिकायला मिळतंय तुमच्याकडं."

सर खुलले. "अरे हो, येत्या रविवारी जुळे सोलापूरला नवीन ब्रँचचं ओपनिंग आहे. लाइव्ह करणार आहे. तुमची बॅच घेऊन या ना! भवानी पेठेतल्या बायका फाडफाड प्रश्न विचारतायत आणि मी उत्तरं देतोय. तिकडच्या आया पोरांना घेऊन धावत येतील."

"आमी प्रश्न विचारायचे? तुमी उत्तर द्यायचं?"

"एक्झॅक्टली. सगळे मोडल. कॅन, कुड, शुड, मस्ट, एकूण एक."

"येतो की," गुलबानो म्हणाली. "समद्या येतो."

त्या दुपारी खिडकीखाली दहा जणी जमल्या. थोरली केराबाई मंगळवेढ्याची, साठीची, तोंडात कायम सुपारी; तिनं थेट विचारलं, "काय, डोस्कं फोडायचं का त्याचं?"

"डोस्कं फोडून व्हिडिओ जातोय व्हय?"

"मग त्याच्याकडनं पुसून घ्यायचा."

"पुसून बी भागत न्हाई, केराबाई. तुझ्या जावयाच्या मोबाईलमंदी हाय, माझ्या भाच्याच्या मोबाईलमंदी हाय. किती पुसशील?" गुलबानोनं दातानं दोरा तोडला. "त्याच्यावर दुसरा बसवायचा. त्याच्याहून मोठा. लोकांनी दुसरा बघितला की पहिला इसरत्यात. आता ऐका. रविवारी प्रत्येकीनं घरनं ताक आणायचं. घट्ट न्हाई, पातळ. आलं-मीठ-कोथिंबीर लावून, गार. लई चांगलं करायचं, पिणाऱ्यानं बोटं चाटली पायजेत."

"आनि?"

"आनि अभ्यास करायचा. जीव लावून. माइट, कुड, मस्ट. एकीचं बी चुकलं न्हाई पायजे."

बायकांनी जन्मात केला नसेल असा अभ्यास पाच दिवस केला. केराबाई जात्यावर, भांड्यांवर, अंघोळीत 'इट माइट बी, इट माइट बी' करत होती. तिच्या मुलाला वाटलं, म्हातारीला काहीतरी झालं.

रविवार उजाडला. एप्रिलचं सोलापूर, सकाळी दहालाच डांबर मऊ. तीन रिक्षांतून दहा जणी जुळे सोलापुरात उतरल्या, प्रत्येकीच्या हातात किटली. नवा गाळा चकचकीत, पुढं पूर्ण काच, आत ए.सी. काचेतून लांबलचक पॅसेज दिसायचा आणि पॅसेजच्या टोकाला कॉमन संडास, कुलूपबंद. टेबलामागं नवा खिळा, खिळ्याला तोच ठोकळा. भिंतीवर तेच दोन नियम, इथं मात्र सोनेरी अक्षरांत.

सर नव्या कोटात होते. पालक यायला अजून तास होता.

"सर, शुभ काम हाय," केराबाई पुढं झाली. "तोंड गोड न्हाई, पण गार तर करा. माज्या हातचं."

सर एक ग्लास प्याले. "वा! काय ताक आहे!"

"केराबाईचं घेतलं, माजं न्हाई का वो?" दुसरी.

तिचं घेतलं. मग तिसरीचं. चौथ्याला सर म्हणाले, "बास."

इथंच माणूस पुण्याचा आहे हे कळलं. सोलापुरात कुणी नुसत्या 'बास'वर थांबत नाही. 'बास' म्हणजे अजून अर्धा ग्लास. खरंच नको असेल तर माणूस ग्लास पालथा घालून त्यावर हात ठेवतो, पोटाची शपथ घेतो आणि तरीही खोलीतून उठून जातो, तेव्हा कुठं सुटतो. सर नुसतं "बास, बास" म्हणत राहिले आणि बायका ओतत राहिल्या.

"अहो खरंच नको."

"पाहुणे येतील, त्यांच्यादेखत एकीचं सोडलं म्हन्तील. वंगाळ दिसतं सर."

"हे शेवटचं."

"हे शेवटचंच. आता तेवढं रेश्माचं ऱ्हायलं. गटाची अध्यक्ष हाय, तिचं न्हाई घेतलं तर रुसंल."

दहा जणींचे दहा ग्लास झाले. वर कलिंगडाच्या फोडी, कारण गुलबानो म्हणाली ताकानं घसा बसतो. सरांनी त्याही खाल्ल्या, कारण एव्हाना पालक काचेबाहेर गाड्या लावत होते आणि सरांना हसतमुख दिसायचं होतं. ह्या सगळ्या गडबडीत ठोकळ्याची चावी बदलली गेली. गुलबानोनं मशीनच्या पेटीची चावी ठोकळ्याला बांधली आणि संडासाची चावी पोलक्यात टाकली. शिवणाऱ्या बाईला गाठ सोडायला-मारायला कितीसा वेळ लागतो!

बरोबर अकराला लाइव्ह सुरू झालं. पंचवीस-तीस पालक खुर्च्यांवर, पोरं पुढं. एक मोबाईल स्टँडवर, सरांच्या तोंडाकडं. बायकांनीही आपापले मोबाईल काढले. सर कौतुकानं म्हणाले, "बघा, माझ्या स्टुडंट्स! मी यांना सांगितलंय, धडा रेकॉर्ड करा, घरी दहा वेळा बघा."

"दहा वेळा बघणार सर," गुलबानो म्हणाली.

पहिली वीस मिनिटं झकास गेली. "कॅन आय आस्क यू समथिंग, सर?" "ऑफ कोर्स यू कॅन!" "शुड वी स्पीक स्लोली?" "येस, यू शुड!" आया एकमेकींकडं बघून माना हलवत होत्या. पंचविसाव्या मिनिटाला सरांनी वजन उजव्या पायावरून डाव्यावर नेलं. मग डाव्यावरून उजव्यावर. ए.सी. सोळावर होता.

तिसाव्या मिनिटाला सर म्हणाले, "यू कंटिन्यू, आय विल बी बॅक," आणि ठोकळा घेऊन सटकले. काचेतून सगळ्यांना दिसत होतं. पॅसेजच्या टोकाला सर पाठमोरे उभे, खांदा हलतोय, चावी घुसत नाही. उलटी घातली. सुलटी घातली. दाराला गुडघा लावला. मग झपाझप परत आले. कपाळावर सोळा डिग्रीत घाम.

गुलबानोच्या कानाशी येऊन कुजबुजले, "आंटी, ही चावी लागत नाहीये."

"सर!" गुलबानो खणखणीत आवाजात म्हणाली. "इंग्लिश!"

पालक खळखळून हसले. सरांनाही हसावं लागलं.

"ओके, ओके. हू... हू हॅज द की?"

केराबाई उठून उभी राहिली. सुपारी गालात सरकवली. "आय डोंट नो, सर. इट माइट बी विथ वॉचमन."

टाळ्या.

"वॉचमन इज ऑन लीव्ह," सर म्हणाले. पाय आता जिथल्या तिथं नाचत होते.

दुसरी उठली. "इट कुड बी इन युअर कार, सर."

"नो! इट इज नॉट इन माय कार!"

तिसरी. "शुड वी कॉल अ चावीवाला, सर?"

"देअर इज नो टाइम!"

"व्हाय इज देअर नो टाइम, सर?" रेश्मानं डोळे मोठे करून विचारलं. "उत्तर दिल्याशिवाय जागा सोडायची न्हाई, सर. भिंतीवर हाय."

पुढच्या रांगेत पिवळ्या ड्रेसमधली एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती नॅचरल घेतात हो! खेळातून शिकवणं म्हणजे हेच."

आता गुलबानो उठली. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवत. "सर, इट मस्ट बी इन माय पर्स. शॅल आय लुक?"

"येस! प्लीज! लुक!"

तिनं पर्स टेबलावर ठेवली. एकेक वस्तू काढून सगळ्यांना दाखवायला लागली. "धिस इज बॉबिन. धिस इज अनदर बॉबिन. धिस इज मेझरिंग टेप." टेप तिनं पूर्ण उलगडली आणि पुन्हा नीट गुंडाळली. पोरं मोजायला लागली. सरांनी टेबलाची कड धरली होती, बोटं पांढरी पडली होती.

"न्हाई वो पर्समंदी," ती म्हणाली, आणि पोलक्यातून चावी काढून दोन बोटांत धरली. "सर, मे आय आस्क यू अ क्वेश्चन?"

"नंतर! लेटर!"

"रूल हाय, सर."

"आस्क! लवकर आस्क!"

गुलबानोनं स्टँडवरच्या मोबाईलकडं पाहिलं, मग सरांकडं. "विल यू रिमूव्ह निंगव्वाज व्हिडिओ?"

सरांचं नाचणं क्षणभर थांबलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. ताक, कलिंगड, चावी, सगळं. तो क्षण गुलबानोनं बघून घेतला, पापणी न लववता.

"कुठला व्हिडिओ?" मागून एका पालकानं विचारलं.

"शेळीचा," केराबाई वळून म्हणाली. तिचं इंग्रजी संपलं होतं आणि आता मराठीची पाळी होती. "बाईला साखर हाय. लगवीला जायचं हुतं. सरांनी सात बार परत परत बोलायला लावलं आनि तिचं शूटिंग केलं. भवानी पेठेत, ह्याच ठोकळ्यासाटी. तुमी बी बघून हसला असाल."

पिवळ्या ड्रेसमधल्या बाईनं तोंडावर हात नेला. ती खरंच हसली असणार.

"येस," सर म्हणाले. "आय विल."

"व्हेन, सर?"

"नाऊ!" त्यांनी खिशातला दुसरा मोबाईल काढला. घाईत दोनदा भलतंच काहीतरी उघडलं. मग व्हिडिओ सापडला, पुसला, आणि स्क्रीन सगळ्या बायकांसमोरून फिरवून दाखवली. "डन! आता द्या."

"क्वेश्चन फॉर्म, सर."

"मे आय हॅव द की?"

"नो. 'प्लीज' ऱ्हायलं."

"मे आय हॅव द की, प्लीज?"

"नो. हळू आलं. मागच्या रांगेला ऐकू गेलं न्हाई."

"मे आय हॅव..."

"नो. परत."

पाचव्या खेपेला सरांचा आवाज चिरकला. सहाव्याला मुलांतलं एक पोर हसलं आणि त्याच्या आईनं त्याला दाबलं. पिवळ्या ड्रेसमधली बाई मांडीवर बोटं मोजत होती. सातवं बोट दुमडलं तेव्हा गुलबानोनं चावी पुढं केली.

"यू मे, सर."

सर सुटले. काचेचं दार त्यांच्या मागं आपोआप मिटलं. सगळी खोली उभी राहून बघत होती आणि स्टँडवरचा मोबाईलही, कारण रेश्मानं तो केव्हाच पॅसेजकडं वळवला होता. सर पळत होते, पण कसे, तर गुडघे बांधल्यासारखे. दारापासून दोन पावलांवर ते थांबले. भिंतीला हात टेकला. मान खाली गेली.

गुलबानोच्या हातात रेश्माची किटली होती, तिच्यात अर्धी भरून ताक उरलेलं. धावत गेली असती, सरांच्या अंगावर उपडी केली असती आणि 'या अल्ला, सांडलं की' म्हणून ओरडली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. तेवढा वेळ होता. तेवढं अंतरही होतं.

तिनं किटलीचं झाकण लावलं. घट्ट लागलंय का, ते दाबून बघितलं.

"चला गं," ती म्हणाली. "रिक्षा थांबल्यात."

दुपारी चार वाजेपर्यंत दहा मोबाईलवरचे दहा व्हिडिओ अख्ख्या सोलापुरात फिरले. काही जणींचा समोरून होता, काहींचा बाजूनं. एका पोरानं तर त्यातलं नाचणं तेवढं कापून त्याला हलगी लावली. भवानी पेठेत दोन तासांत एकही शेळी ओरडली नाही. सगळे एकमेकांना 'इट माइट बी विथ वॉचमन' म्हणत होते.

गुलबानो निंगव्वाच्या दाराशी गेली. दार वाजवलं नाही. उंबऱ्यावर बसली आणि मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवून व्हिडिओ लावला. 'हू हॅज द की?' सरांचा आवाज आत गेला. थोड्या वेळानं कडी वाजली.

निंगव्वा सात-आठ दिवसांत वाळली होती. केस विंचरलेले नव्हते. शेजारी येऊन बसली. दोघींनी मिळून पहिल्यापासून बघितला. निंगव्वा हसली नाही. बॉबिनला हसली नाही, केराबाईला हसली नाही. सर पॅसेजमध्ये पळायला लागले तेव्हा तिनं मोबाईल स्वतःच्या हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"पोचला?"

"न्हाई."

"किती ऱ्हायलं हुतं?"

"दोन पावलं."

निंगव्वानं मोबाईलची काच पदरानं पुसली. बोळातून एक गाडी गेली. गुलबानोला वाटलं, आता ही म्हणणार, कशाला गं, पोरगं हाय, इतकं करायचं न्हवतं. निंगव्वा तशी मऊ काळजाची. मुंगी दिसली तर पाट्यावरचं वाटण थांबवणारी. गुलबानोनं उत्तरही तयार ठेवलं होतं.

निंगव्वानं मोबाईल परत तिच्या हातात दिला.

"परत लाव."

गुलबानोनं परत लावला.

"नोड, नोड, बघ, हितनं लाव. नो-परत-नो-परत म्हनतीस तितनं."

तिथनं लावला. पाचव्यांदा बघताना निंगव्वाचं अंग हलायला लागलं. आधी वाटलं रडतेय. मग पदर तोंडात कोंबून ती अशी हसली, की शेजारची बाई बाहेर येऊन बघायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले, केसांचा अंबाडा बांधला आणि हात पुढं केला.

"रेश्माला फोन लाव."

लावून दिला. पलीकडून रेश्मा म्हणाली, "अक्का! बोल की!"

"दिल्लीचं माजं नाव हाय का खोडलं?"

रेश्मा चाचरली. "हाय... म्हंजे अक्का, काल दुपारी भाभी घरी न्हवती, आनि आपल्या बोळातल्या धनाजीची बायको येऊन बसली. म्हनाली चटणी मला बी येती. मी पेन्सिलनं घातलंय तिचं. पेन्सिलनंच."

"धनाजीच्या बायकोचं?" निंगव्वानं विचारलं. "टपरीफुडं उभी ऱ्हाऊन शेळीवानी वरडली हुती, तीच न्हवं?"

"तीच," रेश्मा बारीक आवाजात म्हणाली.

"खोड," निंगव्वा म्हणाली. "मी ऐकतेय. खोडल्याचा आवाज येऊ दे."